शून्य मुंग्या

मुंग्या मोजायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही. गाठ किती मिलिमीटर उरली ते यंत्र सांगतं. रक्तात औषध किती फिरतंय ते दंडावर चिकटवलेली पट्टी सांगते. पण पायाच्या बोटांना मुंग्या किती आल्या, हे अजूनही बाईलाच विचारावं लागतं. आणि बाईला विचारल्यावर ती काय सांगते, हे घरोघरी माहीत आहे. "मला काय धाड भरलीय? बरी आहे मी."

आमच्या साखळीत एवढंच धरायचं राहून गेलं होतं.

मी शीतल वाघमोडे. एसटीची ड्रायव्हर, मिरज-रत्नागिरी. नाव शीतल आणि डोकं कायम तापलेलं, असं डेपोत म्हणतात. म्हणोत बापडे. उजव्या स्तनात गाठ निघाली तेव्हाही मी रडले नाही, चिडले. नवी इलेक्ट्रिक गाडी नुकतीच हातात आली होती, घाट उतरताना ती मांजरासारखी चालायची, आणि मध्येच हे झेंगट. आधी औषधानं गाठ वितळवायची, मग ऑपरेशन, असं ठरलं. दर गुरुवारी सलाइनच्या खुर्चीत बसायचं.

मिरजेच्या आमच्या दवाखान्यात तेव्हा साखळी सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. माझ्या आत्याच्या वेळी औषधाचा डोस उंची आणि वजनावरून ठरायचा, ब्लाउजचं माप घेतल्यासारखा. पण एकाच मापाच्या दोन बायकांची यकृतं सारखी नसतात. एकीचं यकृत औषध भराभर बाहेर टाकतं, दुसरीच्या अंगात ते मुक्काम ठोकून बसतं. साखळीतलं यंत्र प्रत्येक बाईच्या गाठीची आणि यकृताची जनुकं वाचतं. मग हजारो बायकांमधून तिच्याशी जास्तीत जास्त जुळणारी, पण तिच्या काही आठवडे आधी औषध सुरू झालेली बाई शोधून काढतं. ती तिची 'पुढची'. पुढचीच्या अंगानं औषध कसं सोसलं, यावरून 'मागची'चा डोस ठरतो. पुढचीला सोसलं तर मागचीला थोडं वाढवायचं, नाही सोसलं तर कमी करायचं. प्रत्येक बाई कुणाची तरी मागची आणि कुणाची तरी पुढची.

आणि आमच्या डॉक्टर गौरी देशिंगकर यांनी त्यात माणुसकीची एक गोष्ट घातली. पुढचीला आणि मागचीला एकमेकींचे नंबर द्यायचे. रोज संध्याकाळी प्रत्येकीनं फोनवर त्रासाचा आकडा भरायचा, शून्य ते दहा, आणि तो आकडा यंत्राला जसा दिसतो तसा मागचीलाही दिसायचा. पुढं चाललेल्या बाईचा कंदील मागचीला दिसावा, असं त्या म्हणायच्या.

माझ्या पुढचीचा पहिला फोन आला तो असा: "मी पद्मावती मगदूम, नांदणीची. जेवलीस का?"

मी म्हटलं, "नाही. इच्छा नाही."

"इच्छा गेली खड्ड्यात. नाचणीचं आंबील कर, ताक घाल, मीठ घाल, आणि घोट घोट पी. मी फोन ठेवत न्हाई तवर."

अशा पद्माक्का. माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या, शेतात राबलेल्या. केस गळायच्या आधीच कापून टाक, म्हणजे उशीवर बघून रडायला नको, हे त्यांनीच सांगितलं. तोंड आल्यावर काय खायचं, कुठली नर्स सुई हलक्या हातानं लावते, नवरा उगाच गप्प राहायला लागला तर त्याला कसं बोलतं करायचं, सगळं त्यांनी सांगितलं. माझा दत्ता गप्पच झाला होता. पद्माक्कांच्या सांगण्यावरून मी त्याला माझं डोकं चकोट करायला बसवलं. वस्तरा फिरवताना तो ढसाढसा रडला आणि मग बोलायला लागला. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं त्या बाईनं माझं केलं. आणि रोज संध्याकाळी त्यांच्या नावापुढं आकडा यायचा: मुंग्या शून्य.

दुसऱ्या महिन्यात माझ्या पायाच्या बोटांना मुंग्या सुरू झाल्या. मला लाज वाटली. या वयात अक्कांना शून्य, आणि मी घाटात गाडी चालवणारी बाई नाजूक निघाले? मी फोनवर 'एक' लिहिलं. त्यात तेव्हा माझी मागची मला मिळाली होती.

आफरीन नदाफ. मिरजेतलीच, पदरात आठ महिन्यांचं बाळ. दूध तोडून औषध सुरू करावं लागलेलं. तिची नणंद रोज कानाशी लागायची की हे विष सोड, विजापूरकडं एक झाडपाल्यावाला आहे, त्याच्याकडं जाऊ. आफरीन मला फोनवर म्हणाली, "ताई, तुमचा आकडा बघून मी येते. तुमाला तरास झाला असता तर मी कवाच सोडलं असतं. माज्यात तेवढा दम न्हाई."

हे ऐकल्यावर मी सहा लिहिणार होते? मी 'एक'वरच राहिले. कधीकधी तर शून्य.

मग एका दुपारी मी दवाखान्याचा जिना उतरून रिक्षापर्यंत चालत गेले आणि मागून एक बाई ओरडत आली, "अहो ताई, चप्पल!" मी खाली बघितलं. डावा पाय अनवाणी. डांबर उन्हानं रटरटत होतं आणि माझ्या तळव्याला ना चप्पल गेलेली कळली, ना डांबर.

मी रिक्षात बसले आणि तेव्हा मात्र घाबरले. ब्रेक डोळ्यांनी मारता येत नाही. किती दाबला, किती उरला, हे पायाला कळावं लागतं. कॅन्सरनं मरेन याची मला भीती वाटली होती, पण जगेन आणि गाडी चालवणार नाही, हा विचार मी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दत्ताला म्हटलं, मला नांदणीला सोड. पद्माक्कांना विचारायचं होतं, तुम्ही असं खाता तरी काय, की तुम्हाला काहीच होत नाही?

न सांगता गेले. दार उघडंच होतं. पद्माक्का पलंगावर पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि सून त्यांच्या ब्लाउजचे हुक लावत होती, लहान मुलीचे लावावेत तसे. मला बघून त्या उठल्या आणि भिंतीला हात लावत लावत आल्या. सुनेनं चहा आणला. अक्कांनी कप दोन्ही तळहातांत धरला, बोटं न वापरता.

"अक्का, हे कधीपासून?"

"कशाचं काय कधीपासनं? बस की. उन्हातनं आलीस."

"अक्का."

त्यांनी कप खाली ठेवला. "झालं की दोन म्हैनं."

"आणि रोज शून्य लिहिता?"

"मग काय लिहू? आठ? तू तिकडं वाचणार. पैल्या फोनवर तुजा आवाज ऐकला मी. वाघीण म्हणून मिरवतीस, पण आतनं लटलट कापत हुतीस. तुला आठ दावून मला काय पुण्य लागणार हुतं?"

माझा तोल गेला. म्हटलं, "आम्ही घाटात समोरून येणाऱ्या गाडीला हात करून थांबवतो, अक्का. खाली दरड आलीय, धुकं आहे, वळणावर तेल सांडलंय, जे असेल ते सांगतो. ओळख असो, भांडण असो. ड्रायव्हर दुसऱ्या ड्रायव्हरला रस्त्याबद्दल खोटं सांगत नाही!"

पद्माक्का शांतपणे म्हणाल्या, "तुजा ड्रायव्हर गाडी वळवून घरला जातोय. तुला कुठं वळता येणार हुतं, बाळ? जायचंच हाय त्या रस्त्यावर, तर भ्याव घालून कशाला पाठवू?"

त्यांनी माझ्या चकोट डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताला माझं डोकं लागत होतं की नाही, देव जाणे. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. राग होताच, पण माया त्याहून जास्त होती.

उत्तर सुचलं ते परतताना, मोटरसायकलवर. वळता येत नव्हतं हे खरं. पण वेग कमी करता आला असता. अक्कांनी आठ लिहिलं असतं तर यंत्रानं माझा डोस उतरवला असता. शून्य बघून ते दर आठवड्याला माझं औषध वाढवत होतं. आणि माझं 'एक' बघून आफरीनचं. दत्ताच्या पाठीवर डोकं टेकलेलं होतं, ते मी एकदम उचललं.

सकाळी डॉक्टर गौरींच्या पुढ्यात जाऊन बसले आणि सगळं ओकले. त्यांनी मला समजावून सांगितलं, बहुतेक स्वतःलाही.

पेशी एकाची दोन होते तेव्हा तिच्या पोटात बारीक दोऱ्या ताणल्या जातात. आमचं औषध त्या दोऱ्या गोठवून टाकतं, म्हणून गाठ वाढत नाही, मरते. पण तसल्याच दोऱ्या नसांमध्येही असतात. तिथं त्यांच्यावरून माल वाहून नेला जातो, कण्यापासून थेट बोटांच्या टोकापर्यंत. दोऱ्या गोठल्या की माल अडकतो. सगळ्यांत लांब नस पायाच्या बोटांची, म्हणून उपासमार तिथं आधी होते, मग हातांची. वेळीच डोस कमी केला तर बहुतेक नसा पुन्हा सावरतात. उशीर झाला तर काही सावरत नाहीत.

"फोनवर बोलणाऱ्या बायकांना न बोलणाऱ्यांपेक्षा निम्म्याच मुंग्या येतात, असं आमच्या आकड्यांत दिसत होतं," त्या म्हणाल्या. "मी ते परिषदेत वाचून दाखवलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला शंका यायला हवी होती, शीतलताई. पण बायकांनी बायकांना धरून ठेवलं की दुखणं कमी होतं, हे खरं निघावं, अशी माझीच इच्छा होती."

"म्हणजे सगळ्याच तसं करतात?"

"असंच दिसतंय. प्रत्येक कडीला थोडी माया चढत गेली आणि तेवढंच औषध." त्यांनी चष्मा काढला. "एक तारखेपासून नंबर बंद करते. नावं नाहीत, फोन नाहीत. अनोळखी यंत्राशी माणूस खोटं कमी बोलतो."

"आणि उलट्यांनी जीव नकोसा झाला की फोन कुणाला लावू? यंत्राला?"

"दुसरा उपाय असेल तर सांगा. खरंच ऐकते."

माझ्याकडे उपाय नव्हता. मी एवढंच म्हटलं, "आफरीनला गुरुवारी डोस आहे. त्याआधी तिला खरं सांगते."

"तिला सांगायलाच हवं असं नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचा खरा आकडा मला कळला, मी तिचा डोस गुपचूप कमी करू शकते. घरचे तिला ओढताहेत, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आकड्यावर ती टिकून आहे. तिची गाठ निम्म्यावर आलीय. आत्ता सोडलं तर ती परत वाढेल, आणि मग या औषधाला जुमानेल याची खात्री नाही."

मोह झाला, खोटं कशाला बोलू. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प बसायचं, डॉक्टरांनी गणित दुरुस्त करायचं, आफरीन सुखानं बरी व्हायची. मी हो म्हणणार तेवढ्यात मनात आलं, तिच्या हातांचं काय? तिच्या बोटांना आत्ता काय होतंय हे तिला विचारणार कोण? मी विचारलं तर ती "काही नाही ताई" म्हणणार. तसं म्हणायचं असतं, हे मीच तर तिला शिकवलं होतं.

मी तिच्या घरी पोहोचले तेव्हा ती मोरीत पाट मांडून बसली होती. बाळ उघडंनागडं मांडीवर, बादलीत पाणी. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"ताई! बसा, बसा. याची आंघोळ उरकते."

तिनं बादलीत हात घातला, पाणी ढवळलं. "बरं हाय," म्हणाली आणि तांब्या बुडवला.

का कुणास ठाऊक, मी पुढं झाले आणि कोपर पाण्यात घातलं. हातांची बोटंही आताशा बधिर व्हायला लागली होती, त्यांच्यावर माझाही भरवसा उरला नव्हता. कोपर बुडलं आणि मी ओरडून मागं घेतलं. पाणी कढत होतं. तिच्या हातातला तांब्या मी हिसकावून घेतला आणि तो मोरीत आपटला.

आफरीन माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं आपला हात वर धरला. मनगटापर्यंत लालभडक झाला होता.

"मला कळलं न्हाई," ती म्हणाली.

मग मी तिथंच, ओल्या फरशीवर बसून तिला सांगितलं. माझी चप्पल, अक्कांचे हुक, माझं 'एक', माझं शून्य. डोस कसा चढत गेला ते. मी एकही गोष्ट गाळली नाही. तिनं बाळ टॉवेलात गुंडाळलं आणि इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

"तुमच्या भरवशावर मी येत हुते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं. "घरातले समदे सोड म्हणत हुते. मी म्हणत हुते, माजी ताई बगा, तिला काय न्हाई. मी तुमाला दाकवत हुते लोकांना!"

"चुकलं माझं."

"आज हा भाजला असता."

"जावा तुमी," आफरीन म्हणाली. आतून नणंदेचा आवाज आला, काय झालं म्हणून. मी उठले. दारात पायात चप्पल आहे की नाही ते वाकून बघितलं आणि निघाले.

त्या संध्याकाळी मी फोनवर 'सहा' लिहिलं. थोड्या वेळानं पद्माक्कांच्या नावापुढं 'आठ' आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डॉक्टरांनी त्यांना फोन केला असणार. मला वाटलं होतं, तो आठ बघून मी हादरेन. पण झालं उलटंच. मी एकटीच नाजूक आहे, असं जे इतके दिवस मनात सलत होतं ते गेलं. मी अक्कांना फोन लावला आणि आम्ही दोघी, कुणाला काय धरता येत नाही याच्यावर पोट धरून हसलो. त्यांना म्हणे देवळात घंटा वाजवताना दोरी धरलीय की हवा, तेच कळत नव्हतं. आफरीनला मात्र फोन लावायचं धाडस झालं नाही. तिचाही त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

गुरुवारी माझा डोस निम्म्यानं कमी केलेला होता. पाय सावरायला वर्ष लागेल, कदाचित पूर्ण सावरणार नाहीत, तोवर स्टिअरिंग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी मान डोलावली. मला त्या वेळी स्टिअरिंगचं नाही, शेजारच्या रिकाम्या खुर्चीचं दुःख होत होतं. आफरीनची खुर्ची. नर्सनं सुई लावली, सलाइन सुरू झालं, थेंब पडू लागले. डॉक्टर गौरी दोनदा येऊन त्या खुर्चीकडं बघून गेल्या. मनात म्हटलं, शीतल, तू खरं बोललीस आणि पोरीला विजापूरच्या वाटेला लावलंस. खरं बोलायला एवढी घाई कशाला केलीस?

माझी पहिली बाटली संपत आली तेव्हा दार ढकलून आफरीन आत आली. डोळे सुजलेले, हाताला मलम. बाहेर सासूच्या कडेवर बाळ होतं, ते काचेतून दिसत होतं. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. खुर्चीत बसली, हात पुढं केला, नर्सला म्हणाली, "लावा."

थेंब सुरू झाल्यावर ती समोरच्या भिंतीकडं बघत बोलली.

"आता समदं सांगा. पाय कवा बधिर झाले? आदी बोटं का टाच? भाकरी थापताना काय हुतं? बटण कसं लावता? अक्कांचंबी सांगा. एकबी सोडू नका."

मी सांगू लागले. आंघोळीच्या पाण्याला कोपर लावायचं. चूल पेटवताना फडकं हातात धरायचं. रात्री पायाखाली उशी घ्यायची. घरात अनवाणी फिरायचं नाही. काय परत येतं, काय येईलच असं नाही, आणि मला गाडी मिळेल का ते माहीत नाही, हेही सांगितलं. ती मधूनमधून विचारत होती, दोनदा रडली, पण गप्प बस म्हणाली नाही. केव्हातरी तिनं मलम लावलेला हात माझ्या हातावर ठेवला. दोघींच्या हातांना तो कितपत कळला कुणास ठाऊक. डॉक्टर गौरी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात नंबर बंद करायचा हुकूम होता, ते मला नंतर कळलं.

तेवढ्यात आफरीनचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं उचलला आणि ऐकत राहिली. पलीकडून कुणी तासगावच्या बाई बोलत होत्या, आवाज इतका घाबरलेला की मला शेजारी बसून ऐकू येत होता. मला दवाखान्यानं तुमचा नंबर दिलाय, तुम्ही माझ्या पुढच्या ना, मला परवा पहिलं औषध आहे, फार त्रास होतो का हो?

आफरीननं माझ्याकडं पाहिलं. काय बोलू, असं तिचे डोळे विचारत होते, आणि मी तिला काहीच सांगितलं नाही. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला, खुर्चीत नीट सरसावून बसली.

"व्हय," ती म्हणाली. "होतो. बसा तुमी, सांगते."